मोटर बंद झाल्यावर

“तुझं लक्ष फार बारीक आहे हं, मृणाल. तू बोलली नसतीस तर मला सुचलंही नसतं,” सुधाकर म्हणाला आणि टॉवेलात गुंडाळलेली ती वस्तू त्याने स्वयंपाकघराच्या फरशीवर, माझ्या पायाशी ठेवली. बाजारातून माझ्यासाठी काही आणल्यासारखी. टॉवेलाला जळका वास येत होता. दुसऱ्या हातात पोचे आलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, ते त्याने ओट्यावर ठेवलं. “हे कुत्र्याला घाल. शेगडी मात्र माळ्यावर टाक, हर्षलचा हात पोचायला नको. रविवारी शैलजाबाईंना दाखवायची आहे.” मग हात धुऊन तो बाहेरच्या खोलीत अर्धा राहिलेला चहा प्यायला गेला. चहा अजून निवला नव्हता. तेवढ्या वेळात सगळं आटोपलं होतं. जिना चढून वर जाणं, पंधरा नंबरचं दार ठोठावणं, खाटेखाली हात घालणं, एका मुलीचं वर्ष उचलून खाली आणणं, आणि परत येऊन तोच घोट पुढे चालू.

आणि मी काय बोलले होते? काहीच नाही. हर्षलला मांडीवर घेऊन मऊ भात भरवत होते. गुरुवारची संध्याकाळ, साडेपाच-पावणेसहा. आमच्या बाहेरच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो, कारण खिडकीच्या बरोब्बर समोर पाण्याच्या टाकीची भिंत आहे. मागे पाणी चढवायची मोटर चालू होती. मोटर चालू झाली की आमचा दिवा लालसर होतो, पंख्याची पाती मोजता येतात. मोटर बंद झाली की दिवा एकदम वर येतो, जसा कोणी श्वास सोडावा. त्या दिवशी मोटर खोकली, बंद झाली, आणि दिवा वर आला नाही. मी घास भरवता भरवता म्हणाले, “मोटर बंद झाली तरी दिवा मंदच आहे.” बस्स. ऊन उतरलं, दूध वर आलं, असं म्हणतो ना आपण घरात, कोणाला उद्देशून नाही, तसं. सुधाकरने वर दिव्याकडे पाहिलं. मग त्याने कप खाली ठेवला. त्याच क्षणी मला कळलं. चमचा हातात तसाच राहिला. मला ‘थांब’ म्हणता आलं असतं. दिव्याचं काहीही कारण सांगता आलं असतं, व्होल्टेजला सिल्वासात कारणांचा काय तोटा, सगळी वीज त्या कारखान्यांकडेच तर जाते. पण मी हर्षलच्या हनुवटीवरचा भात बोटाने पुसत बसले, आणि त्याच्या चपला जिन्यावर वाजत गेल्या.

कॉलेजने ही दुमजली इमारत भाड्याने घेतली तेव्हा वर मुली आणि खाली एक कुटुंबवत्सल माणूस असावा असं ठरलं. कुटुंबवत्सल माणूस म्हणजे सुधाकर. तो शिकवतो आणि शिवाय इमारतीचं पाणी, वीज, फाटक बघतो, त्याबद्दल खालच्या दोन खोल्या मिळाल्या; मुलींच्या रेक्टर शैलजाबाई वेगळ्या राहतात. कुटुंब म्हणजे मी. वत्सल म्हणजे हर्षल, अकरा महिन्यांचा, बरोब्बर पंधरा नंबरच्या खाली ज्याचा पाळणा टांगलाय. मी हर्षलला कोणाच्या हातात देत नाही. वरच्या मुली मागतात, “ताई, द्या ना जरा,” मी म्हणते झोपायचा आहे. तो झोपला की त्याच्या नाकाशी बोट धरून बघते. भिंतीला हात लावून बघते गरम आहे का. कशासाठी गरम असेल भिंत? ते माझं मलाच माहीत होतं, आणि तेच मी तीन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. वर विजेची शेगडी आहे हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कोणत्या दिवशी कुठल्या खोलीत आहे तेही सांगू शकले असते. चार खोल्यांत मिळून एक शेगडी फिरत होती, आणि ती फक्त मोटर चालू असतानाच लागायची, कारण शेगडीनेही दिवा मंद होतो, पण तेव्हा सगळ्यांचेच दिवे मंद असतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. तेवढ्यात भात, डाळ, बटाटा, जे होईल ते.

हे मला कसं माहीत? कारण ही युक्ती माझी होती. सिल्वासातल्या पोरींनी ती कुठून काढली असेल ती काढली असेल, त्यांच्या आधी सात वर्षं, पंच्याऐंशी साली, नाशिकच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावर, ती मी काढली होती. मी आणि दुर्गा एका खोलीत. दुर्गा साक्रीकडची, आडदांड, हसली की तिचे सगळे दात दिसायचे. मेस दोघींनाही परवडत नव्हती. तिच्या घरून दर सोमवारी भाकऱ्यांचं फडकं यायचं, माझ्या घरून चिपळूणहून महिन्यातून एकदा तांदूळ आणि कुळथाचं पीठ. भाकरी बुधवारपर्यंत चालायची, गुरुवारी तिला हिरवे ठिपके पडायचे, ते खरवडून शुक्रवार. शनिवारी उपास. रेक्टर म्हणायच्या, खोलीत शिजवायचं नाही, मेस नाही लावायची तर घरचं खा. म्हणजे शिळं खा, बुरशी खा, पण शिजवलेलं खायचं असेल तर आम्ही ठरवू त्याच दाराने आत जा. मग मी मामाकडून त्याची जुनी शेगडी आणली. पांढऱ्या मातीची, खाचांत स्प्रिंग बसवलेली. तिला प्लग नव्हता, दोन उघड्या वायरी होत्या, त्या सॉकेटात घालून आगपेटीच्या काड्या ठोकायच्या. स्प्रिंग दर आठवड्याला तुटायची. मी दोन टोकं ओढून पीळ देऊन जोडायची, प्रत्येक वेळी ती थोडी आखूड व्हायची आणि आखूड झाली की जास्तच लाल तापायची. आता मला वाटतं, माणसांचंही असंच होत असेल. पण तेव्हा काही वाटायचं नाही, तेव्हा फक्त भूक असायची.

आमच्याकडे एकच पातेलं. त्यात खाली तांदूळ आणि डाळ, वर बटाटे, बटाट्यांमध्ये मिठाची पुरचुंडी आणि दोन मिरच्या. फोडणी नाही. फोडणीचा वास जिन्यापर्यंत जातो. हिंग नाही, लसूण तर नाहीच. दाराखाली ओला टॉवेल. तीन वर्षं मी बिनफोडणीचं जेवले, आणि सासरी पहिल्यांदा आमटी केली तेव्हा फोडणी द्यायचीच विसरले. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “हॉस्टेलची मुलगी, आयतं खाऊन शिकलेली. हिला स्वयंपाक कुठून येणार?” सगळे हसले. सुधाकर अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगतो. मी कधी म्हटलं नाही की आयतं नव्हते खात. आधी लाज होती म्हणून नाही म्हटलं. मग सांगायची वेळ निघून गेली म्हणून. आणि खरं कारण त्याच्याही खाली होतं.

“जेवाले ये वं, नहीत मी समदं खाई टाकसू,” दुर्गा म्हणायची आणि खायची मात्र नाही. मी यायची वाट बघायची. आम्ही पातेल्यातच जेवायचो, मध्ये बोटाने रेघ ओढून, अलीकडचं तिचं, पलीकडचं माझं. बटाटा एकच असला तर ती म्हणायची, बटाट्याने मला वायू होतो. पहिल्यांदा मी खरं मानलं होतं.

एका मंगळवारी मोटर लवकर बंद झाली. भात अर्धा कच्चा होता, आणि आणखी पाच मिनिटं लागू दे, असं मी म्हणाले. मीच म्हणाले. दिवा मंद राहिला, रेक्टर त्याच वेळी व्हरांड्यातून जात होत्या, आणि दार वाजलं. दुर्गाने लाल शेगडी पायाने खाटेखाली सरकवली, सुंभ जळायला लागला, धूर आला. रेक्टरने विचारलं, “कोणाची आहे ही?” शेगडी माझी होती. मामाकडून पोत्यात घालून मी आणली होती. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडातून शब्द यायच्या आधी दुर्गा म्हणाली, “मनी शे. माझी.” मी तोंड मिटलं. इतकंच. कोणी मला गप्प बस म्हणालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिची पेटी घेऊन गेला. येऊन-जाऊन परीक्षा दे म्हणाले तिला. साक्रीपलीकडच्या गावाहून नाशिकला येऊन-जाऊन. ती आली नाही. मी पहिल्या वर्गात पास झाले. आणि ज्या संध्याकाळी ती पेटी भरत होती त्या संध्याकाळी मला इतकी भूक लागली होती की पातेल्यातला तो कच्चा भात मी भिंतीकडे तोंड करून खाल्ला. रेघेच्या अलीकडचा पण.

म्हणून सुधाकरने ‘कुत्र्याला घाल’ म्हटलेलं पातेलं मी बाहेर नेलं नाही, उघडून बघितलं. आत तांदूळ, तुरीची डाळ, मध्ये अर्धा बटाटा. दाणा बोटात चिरडला, आत पांढरी कणी होती. अजून सात-आठ मिनिटं. मी गॅस लावला, वाटीभर पाणी घातलं आणि झाकण ठेवलं. बाहेरून सुधाकर म्हणाला, “काय शिजवतेस?” मी म्हणाले, हर्षलचं. भात झाल्यावर मी जिऱ्याची फोडणी दिली. हिंग घातला, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून घातल्या. अख्ख्या जिन्यात वास सुटला पाहिजे असा. मग हर्षलला कडेवर घेऊन, पातेलं पदराने धरून वर गेले.

ममताने दार उघडलं. खानवेलकडची मुलगी, किरकोळ, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, डोळे सरळ बघणारे. पुस्तक हातात होतं. रडली वगैरे नव्हती.

“कुत्रा नव्हता का खाली?” ती म्हणाली.

मोरीच्या पाइपातून वर सगळं ऐकू येतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

“ममता, मी—”

“दिवा तुमचाच ना, ताई? सर पाच मिनिटांत आले वर. आम्ही म्हणायचो, खालच्या ताई दिवसभर वरच बघत असतात. आज कळलं काय बघतात.”

मी म्हणाले, पोराच्या काळजीने. माझं मलाच ते ऐकवेना. खरं होतं, तरी ऐकवेना. तिने हर्षलकडे पाहिलं. तो तिच्या वेणीकडे हात करत होता. तिने वेणी मागे टाकली.

“मोटर रोज अर्धा तास चालते. आज नवनाथभाईला घाई होती, वीस मिनिटांत बंद केली. आम्हाला काय स्वप्न पडणार?” तिने पातेलं माझ्या हातातून घेतलं, वास घेतला. “लसूण घातलाय.”

“हो.”

“ठेवते. भाताशी काय भांडण?” आणि दार लावून घेतलं.

मी जिन्यावर उभी राहिले. आतून पितळी वाजली, मग चमच्याचा आवाज, घाईघाईचा. माझा राग त्या वेळी कोणावर होता मला सांगता येणार नाही. मोटर चालवणाऱ्या नवनाथवर होता, ज्याला दहा मिनिटं थांबता आलं नाही. कॉलेजवर होता. ‘बारीक लक्ष’ म्हणून माझी पाठ थोपटणाऱ्या माणसावर होता. पण सगळ्यात जास्त होता तो त्या चमच्याच्या आवाजावर, कारण तो मला ओळखीचा होता.

शुक्रवारी सकाळी मी सुधाकरला विचारलं, “तिचं काय करणार?”

तो दाढी करत होता. “करायचं काय, नियम आहे. खोली खाली करायची. शैलजाबाई म्हणतात, बाकीच्यांची नावं सांगितली तर दंड करून सोडू. चार-पाच जणी असणार. ही एकटी नाही.”

“परीक्षा महिन्यावर आहे.”

“येऊन-जाऊन देईल. खानवेल काय लांब आहे?”

येऊन-जाऊन. शब्दसुद्धा तोच. मी म्हणाले, “खानवेल लांब नाही, तिचा पाडा लांब आहे. बस सुटली की दीड तास चालायचं. तिला मेस परवडत नाही म्हणून शिजवते ती. हौस नाही.”

“मृणाल, तुझ्याच पोराच्या डोक्यावर जाळ होता तो.” त्याने वस्तरा थांबवला. “वायर जळाली असती म्हणजे? उघड्या वायरी होत्या, काड्या ठोकलेल्या. मी सांगतोय, बघून अंगावर काटा आला. आणि तुला काय माहीत ग यातलं? तू आयुष्यभर मेसचं ताट पुढे ओढून जेवलेली.”

तो चुकीचं बोलत नव्हता, हे सगळ्यात वाईट. जाळ होता. हर्षलचा पाळणा खाली होता. हर्षल झाल्यापासून मी भिंतीला हात लावत होते ते उगाच नाही. पण पाळणा दुसऱ्या खोलीत टांगता आला असता. शेगडीला प्लग बसवून देता आला असता. मुलींना खाली बोलावून म्हणता आलं असतं, माझ्या गॅसवर करा ग. तीन वर्षं मला सगळं माहीत होतं आणि मी फक्त बघत होते. माहीत असणं म्हणजे काहीतरी करणंच, असं मला वाटत असावं. शिकलेल्या बाईला असं वाटतं. आणि इतकं सगळं बघून शेवटी तोंड उघडलं ते नको तिथे. मी स्वयंपाकघरात गेले. भाकरी थापायला घेतली आणि ती परातीला इतकी आपटली की हर्षल दचकून रडला, मग त्याला घेऊन फिरत राहिले, पुढच्या खोलीतून मागच्या, मागच्या खोलीतून पुढच्या. शनिवारी मी चिपळूणच्या मामाला पत्र लिहायला घेतलं की नाशिकला तुझी शेगडी जप्त झाली ते तुला कधी सांगितलं नाही. मग फाडून टाकलं. मामाला काय करायचंय. पत्र दुर्गाला लिहायला हवं होतं, आणि तिच्या गावाचं नाव मला नीट आठवत नव्हतं. तीन वर्षं एका पातेल्यात जेवले होते मी.

रविवारी पहिल्या बसने ममताची आई आली. कोंडाबाई. मूळची सुरगाण्याकडची, लग्न करून खानवेलला आलेली, मिळेल त्या कामावर जाणारी. तिच्या हातात डबा होता, त्यात तुसात ठेवलेली चार अंडी. “पोराला,” म्हणून माझ्या हातात दिली. सुधाकरने खुर्ची पुढे केली तरी ती दाराशी, भिंतीला टेकून बसली. शैलजाबाई नऊच्या सुमारास आल्या. वाईट बाई नाही ती. मुंबईहून आलेली, एकटी राहते, मुलींच्या तापात रात्ररात्र बसते. तिने रजिस्टर उघडलं आणि चष्मा लावला. ममता दिव्याखाली उभी राहिली. जिन्यावर बाकीच्या मुली होत्या, दिसत नव्हत्या, पण मधूनच बांगडी वाजत होती. मी दाराच्या चौकटीत हर्षलला घेऊन उभी. मागे नवनाथने मोटर चालू केली, दिवा लाल झाला.

“ममता, मी एकदाच विचारते,” शैलजाबाई म्हणाल्या. “शेगडी कोणाची? तुझ्या एकटीची आहे का? कोणाकोणाच्या खोलीत जाते? नावं सांग, मी तुला परीक्षेपर्यंत ठेवते.”

ममताने आईकडे पाहिलं.

“दुसऱ्यासाठी स्वतःचं वर्ष घालवायचं का बाळा?”

“बाई,” कोंडाबाई खालून म्हणाली, “चूक झाली. पन तुमच्या कागदात येक ल्ह्या. सोमवारी मी भाकरी देते. तीन दिसांत बुरशी धरते. पुढले चार दिस पोरगीनं काय खायाचं, त्ये बी ल्ह्या तिथं.”

शैलजाबाईंनी पेन टेकवलं, पण लिहिलं नाही. “मावशी, नियम मी केला नाही.”

“मंग केला कुनी? त्येला बलवा की. यवढ्या लांबून मी आले, तो बी येईल.”

जिन्यावर कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सुधाकर अवघडला. खोलीत काही अडलं की तो जे म्हणतो तेच म्हणाला, “मृणाल, जरा चहा टाक.”

मी आत गेले. गॅसच्या बटणाला हात लावला. मग हात काढला, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून शेगडी काढली. सुधाकरच्या टॉवेलात होती तशीच. उलगडली तर स्प्रिंग एका ठिकाणी तुटली होती, त्यानेच घाईत गुंडाळताना तुटली असणार. चहाचं पातेलं, दूध, साखर, पत्ती, चिमटा आणि आगपेटी ताटात घेतली आणि बाहेर आले. “धर याला,” मी ममताला म्हणाले आणि हर्षल तिच्या हातात दिला. ती इतकी चकित झाली की तिने तो घेतला. हर्षलने लगेच वेणी पकडली.

“हे काय?” सुधाकर म्हणाला.

“चहा.”

“गॅस संपला?”

“नाही.”

मी स्टूल दिव्याखाली ठेवलं, त्यावर शेगडी. तुटलेली दोन टोकं नखाने उचलली, ओढली, एकमेकांवर तीन वेढे दिले, खाचेत दाबून बसवली. सात वर्षांत एकदाही केलं नव्हतं, पण बोटं थांबली नाहीत. वायरी सॉकेटात घातल्या, दोन काड्या गूल मोडून ठोकल्या, एक डावीकडून, एक उजवीकडून. बटण दाबलं. आधी काही झालं नाही, मग स्प्रिंग कडेकडेने गुलाबी व्हायला लागली. मोटर चालूच होती, दिव्यात काही फरक दिसला नाही. मी पाणी ठेवलं.

कोंडाबाई पुढे सरकून बघत होती. “बाईला येतंय की,” ती म्हणाली.

शैलजाबाईंनी चष्मा काढला. “मिसेस, हे तुम्ही कुठे शिकलात?”

“नाशिकला. हॉस्टेलात.” माझा आवाज मला वाटला होता तितका मोठा नव्हता. “शेगडी माझी आहे. वर मी दिलीय. चार खोल्यांत फिरते, कुठल्या वारी कुठे ते मी सांगते, पण मुलींची नावं लिहायची नाहीत. माझं लिहा. मृणाल सुधाकर. खोली तळमजला.”

“खोटं बोलतेय ती,” सुधाकर म्हणाला. मग माझ्या हातांकडे पाहिलं, काड्यांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा बदलला. “मृणाल, माझ्या नावावर ही जागा आहे. कळतंय का तुला काय लिहायला सांगतेयस?”

“कळतंय.”

“घर जाईल.”

“तिचं जातंच होतं. आपण येऊन-जाऊन राहू. तूच म्हणालास, लांब नसतं काही.”

तो उभा राहिला, बसला. माझ्या नवऱ्याला मी असं लोकांदेखत कधी बोलले नव्हते, आणि मला वाईट वाटत नव्हतं. वाटेल, रात्री किंवा उद्या, भरपूर वाटेल, तेवढी मी स्वतःला ओळखते. हर्षलचा पाळणा कुठे टांगायचा हेही तेव्हाच सुचेल. आत्ता मात्र छातीत ती स्प्रिंग होती, आखूड आणि लाल, आणि ती पुरे होती. ममता माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत उपकार वगैरे काही नव्हते. ती हिशेब चुकला का बघावं तशी बघत होती, आणि ते मला बरं वाटलं. दुर्गाकडे मी त्या दिवशी असं बघितलं असतं तरी चाललं असतं. मी खाली फरशीकडे बघितलं होतं.

शैलजाबाईंनी रजिस्टरचं पान सरळ केलं. पेन हातात होतं. तारीख लिहिलेली होती, पुढे कोरं. त्यांनी एकदा सुधाकरकडे पाहिलं, एकदा कोंडाबाईकडे. पान त्यांनी लिहिलंही नाही, उलटलंही नाही.

तेवढ्यात मागे मोटर खोकली आणि बंद झाली. दिवा वर आला नाही. शैलजाबाईंनी वर पाहिलं, सुधाकरने पाहिलं, हर्षलनेसुद्धा ममताच्या कडेवरून मान वर केली. जिन्यावरची बांगडी थांबली. मी काही बोलले नाही. चहा कडेने फुगत वर येत होता, चिमटा कुठे ठेवला ते मला आठवेना, आणि कोंडाबाईने पदराने पातेलं आधीच धरलं होतं.